मोजलंस का, शिंदेमियाँ?

माझ्या गोष्टीतला साप अठरा फुटांच्या खाली कधी उतरत नाही, हे सगळ्या गौलीगुड्याला ठाऊक आहे. बायको तर माझ्या प्रत्येक वाक्याला आधी चारानं भागते आणि मगच उत्तर देते. तेव्हा पुढं थंडीचं, खोक्याचं, जिन्याचं जे काही येईल ते तुम्हीही खुशाल भागा. फक्त एका गोष्टीला हात लावू नका. लिंबाजी सोनकांबळे यांच्याशी मी एकदाच खोटं बोललो, आणि ते एका अक्षराचं होतं. जन्मभर मारलेल्या हजारो थापांत सगळ्यात छोटी तीच, आणि माणूस मरायची वेळ आली तीही तिच्यामुळंच.

हैदराबादेत नामपल्ली स्टेशनच्या अंगाला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे सात माणसं, चार टर्मिनलं आणि एक मालक. या मालकाला रोज सकाळी वाटायचं की आज दुपारच्या आत अमेरिकेचा फोन येणार. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. ज्या मशिनीसाठी पूर्वी दिल्लीला चपला झिजवाव्या लागत, ती आता लाकडी खोक्यात बसून दारात उतरत होती. खोकी एवढाली, की एकेका खोक्यात बेगमबाजारातलं एकेक बिऱ्हाड मुलाबाळांसकट राहिलं असतं. मशिनीच्या खोलीतल्या थंडीत माशी शिरली तर शिंकत बाहेर यायची.

त्या थंडीत लिंबाजीराव अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घालून बसत. पन्नाशीचे, बुटके, उजवा गुडघा कायमचा दुखरा. सगळं ऑफिस त्यांना लिंबासाब म्हणे. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं लिहायला. लाल फक्त मोजायला; मोजून झालेल्या गोष्टीपुढं लाल टिंब पडायचं. फिरत्या खुर्चीवर ते बसत नसत. नांदेडकडून आणलेलं एक लाकडी स्टूल होतं, ते सोबत घेऊनच हिंडायचे, अगदी गिऱ्हाइकाकडं जातानाही. स्टुलाच्या खाली त्यांनी स्वतःचं नाव दोन ठिकाणी रंगवलं होतं.

"दोनदा कशाला सर?"

"एक घासलं तर दुसरं राहील."

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. टिफिनवर नाव, टिफिनच्या झाकणावरही नाव. आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही. खालच्या इराण्याकडं पोऱ्या म्हणाला, "चाय खतम, साब," की हे विचारणार, "तू देख के आया, या सुन के?" पोऱ्या आत जाऊन पातेल्यात डोकावून येईपर्यंत हे उभे.

माझ्या थापा मात्र ते अतिशय आवडीनं ऐकत. मी पहिल्यांदा सापाची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, "किती लांब होता म्हणलास?"

"अठरा फूट."

"मोजलास का, शिंदेमियाँ?"

"नाही सर."

"मग अठरावर कशाला थांबायलास? पंचवीस कर. गोष्टीत मोजायचं नसतंय." मग बोट मशिनीच्या खोलीकडं वळलं. "तिथं मात्र मोजायचं."

फाइल म्हणजे काय, हे मला पदवी घेऊनही कळलं नव्हतं. ते त्यांनी त्या स्टुलावर बसून पाच मिनिटांत शिकवलं. हार्ड लिंकला ते जोडनाव म्हणत आणि सिम्बॉलिक लिंकला इशारा.

"माझ्या मायसाठी मी लिंब्या. तुमच्यासाठी लिंबासाब. माणूस किती?"

"एक."

"लिंब्याला ताप आला तर लिंबासाबाला येतो का?"

"येणारच."

"हे जोडनाव. फाइल एकच, नावं दोन, दोन्ही सारखीच खरी. या नावानं लिहिलं तरी त्या नावानं वाचता येतं. आता तू रस्त्यात कुणाला बोट करून सांगितलंस, सोनकांबळे त्या गल्लीत राहतात. हा इशारा. मी घर बदललं की तुझं बोट हवेत." मग थोडं थांबून म्हणाले, "कॉपी करणारा प्रोग्राम अडाणी असला की काय करतो? त्याला दोन नावं दिसली की तो दोन माणसं करतो. मग लिंब्या तापानं फणफणतो, आणि लिंबासाब खुशाल चहा पितो."

मी हसलो. ते हसले नाहीत. "गावात मला हाक मारायची तऱ्हा एक होती, इथली दुसरी. तिथल्या हाकेत मी वेगळाच माणूस होतो. नाव बदललं की माणूस बदलतो, असं जगाला वाटतंय. निदान मशिनीला तरी वाटू नये."

यादी काढली की फाइलीच्या नावाआधी एक आकडा येतो, त्या फाइलीला नावं किती, हे सांगणारा. लिंबासाब आधी तो आकडा बघत आणि मग नाव.

त्या वर्षी आम्हाला एका मोठ्या इस्पितळातल्या रक्तपेढीचं काम मिळालं. तिथलं जुनं मशीन काढून नवं बसवायचं होतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एक फाइल, आणि प्रत्येक फाइलीला दोन नावं: प्रयोगशाळेच्या कप्प्यात पिशवीच्या नंबरानं, आणि खिडकीच्या कप्प्यात रक्तगट आणि त्यातल्या क्रमानं. प्रयोगशाळेतल्या रझिया आपा नंबरानं फाइल उघडून ‘चालेल’ किंवा ‘थांबवा’ लिहीत. खिडकीवरचे वेंकटगारू गटानं उघडून तेच वाचत आणि पिशवी देत. फाइल एकच असल्यामुळं लिहिलेलं क्षणात पलीकडं पोचे. ही जोडनावांची मांडणी लिंबासाबांनीच कधीकाळी करून दिली होती.

जुन्या मशिनीची टेप नव्या मशिनीला चालेना. म्हणून तारेवरून फाइली नेणारा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी तो दोन दिवसांत लिहिला. मालकाला सांगितलं, असा प्रोग्राम मद्रासपासून मुंबईपर्यंत कुणाकडं नाही. ते खरंच होतं. इतका अडाणी प्रोग्राम दुसऱ्या कुणाकडं असणं शक्य नव्हतं. तो नाव दिसलं की नक्कल काढत होता. दोन नावं, दोन नकला.

शनिवारी दुपारी नकला काढून झाल्या. नव्या मशिनीत जागा अपेक्षेपेक्षा जवळजवळ दुप्पट भरली होती. माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण दिलसुखनगरला मेव्हण्याचा साखरपुडा होता, आणि बायकोनं तीनचा वायदा घेतला होता. मी चप्पल घालत असताना लिंबासाब दारात आले.

"जोडनावं जपलीस?"

"हो सर."

"मोजलंस का, शिंदेमियाँ?"

"हो."

हेच ते अक्षर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि लाल पेन खिशात ठेवलं.

सोमवारी नवं मशीन सुरू झालं. जुनं बंद झालं, आणि आमच्या मालकाच्या आग्रहावरून कागदी रजिस्टरही त्याच दिवशी बंद झालं. मंगळवारी मला जेवण गेलं नाही. बुधवारी मी तीन वेळा उठून लिंबासाबांच्या स्टुलापर्यंत गेलो आणि तीन वेळा सापाचीच गोष्ट सांगून परतलो. तिसऱ्या खेपेला साप चाळीस फुटांचा झाला होता. ते म्हणाले, "तब्येत बरी नाही का तुझी?"

गुरुवारी सकाळी त्यांनी स्टूल उचललं. "चल, नव्या मशिनीची खुशाली विचारून येऊ."

रक्तपेढी तळमजल्यावर. रझिया आपा चष्मा कपाळावर चढवून नळ्या हलवत होत्या. "आओ लिंबासाब, बैठो. चाय मंगाती मैं." लिंबासाब मशिनीपुढं स्टूल टाकून बसले आणि यादी काढली. पडद्यावर आकडे वर सरकू लागले. एक. एक. एक. एक. जिथं प्रत्येक ओळीत दोन हवे होते तिथं एकाखाली एक नुसते एक, मधूनच कुठंतरी सोमवारनंतर आलेल्या पिशवीचे दोन.

त्यांनी यादी थांबवली. मागं न वळता विचारलं, "मोजलंस का?"

साखरपुड्यात एका दमात साठ माणसांना हसवणारा मी पडद्यावरचे ते एक आता कुठं मोजू लागलो. त्यांना उत्तर मिळालं. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

"आपा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, फक्त सावकाश. "सोमवार के पहले के जो थैले हैं, उनमें से कोई बाद में रोके क्या तुम?"

"हौ. तीन रोकी ना मैं, कल. पिछले हफ्ते की जाँच की दवा खराब निकली, तो सब थैले फिर से जाँची. तीन में पीलिया निकला. कैकू पूछरे?"

"कहाँ लिखे?"

"कहाँ बोले तो? कम्प्यूटर में."

लिंबासाब उठले. खिडकी दहा पावलांवर होती. वेंकटगारूंच्या पडद्यावर त्यांनी गटाच्या नावानं त्या तीन पिशव्या एकेक करून उघडल्या. चालेल. चालेल. चालेल. काविळीपायी आपांनी मारलेली रोक एका फाइलीत होती, वेंकटगारू वाचत होते दुसरी. मी एका माणसाचे दोन केले होते.

"थैले कहाँ हैं?"

वेंकटगारूंनी फ्रीज उघडला. दोन पिशव्या निघाल्या. "तीसरा... ओ निगेटिव्ह. अय्यो सारू, वो तो अभी गया. दस मिनट हुए. ऊपर, थिएटर में. डिलिव्हरी का केस."

फोन लावला. वरचा फोन गुंतलेला. पुन्हा लावला. तसाच. आपांच्या हातातली नळी फुटली. आवाज झाला तरी कुणी खाली पाहिलं नाही. लिंबासाबांनी निळं पेन काढलं, चिठ्ठीवर पिशवीचा नंबर लिहिला आणि ती माझ्या हातात कोंबली.

"पळ. नंबर बघून थांबव. दुसरं काही बोलू नको."

लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकलेलं. मी जिन्यानं सुटलो. चार मजले होते. मी सांगताना नऊ सांगतो. थिएटरच्या दारात एक सिस्टर आडवी उभी राहिली. आणि मी, दुसरं काही बोलू नको असं बजावलेलं असताना, बोलत सुटलो. मशीन, टेप, जोडनाव, मालक, दोन कप्पे, एक फाइल. जितकं बोललो तितका तिचा चेहरा बंद होत गेला. "बाहर बैठो. ऑपरेशन चालू है." चिठ्ठी माझ्या मुठीत चुरगळून गेली होती. दाराच्या काचेतून स्टँडवर लटकलेली लाल पिशवी मला दिसत होती. तिच्याखाली कुणीतरी नळी सरळ करत होतं.

तेवढ्यात जिन्यावर खरडल्यासारखा आवाज झाला. लिंबासाब कठड्याला धरून, शेवटच्या पायऱ्या हात टेकत चढत होते. वर आले, श्वास घेतला, सिस्टरच्या डोळ्यांत पाहिलं.

"सिस्टर, वो थैले का खून खराब है. मैं देख के आया."

आणि नंबर सांगितला. बस, एवढंच. ती वळून पळाली.

ती परत येईपर्यंतचा वेळ मी आजवर कुणालाच सांगू शकलेलो नाही, कारण त्याला वाढवायला माझ्याकडं जागाच नाही. ती आली तेव्हा पिशवी तिच्या हातात होती. भरलेली. नळी लावायची राहिली होती. लिंबासाबांनी माझ्या मुठीतून चिठ्ठी सोडवून घेतली, पिशवीवरचा नंबर एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडला आणि पुढं लाल टिंब दिलं. मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

पण आत त्या बाईला रक्त हवंच होतं. खाली त्याच गटाची आणखी एक पिशवी होती, सोमवारच्या आधीचीच. पडद्यावर तीही ‘चालेल’. "स्क्रीन नक्को," लिंबासाबांनी वरूनच फोनवर सांगितलं. "आपा की अपनी वही देखो." रझिया आपांची तपासणीची वही हातानं लिहिलेली होती. तिच्यात पिशवी चांगली निघाली, तेव्हाच ती वर गेली. त्या बाईचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती चालत घरी गेली, एवढं वेंकटगारूंनी दहा दिवसांनी सांगितलं.

दुपारी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आणि आमच्या मालकाला समोर उभं केलं. "चूक कुणाची?"



लिंबासाब म्हणाले, "प्रोग्राम आमच्या घरचा. तपासायचं काम माझं. मी विचारलं, बघितलं नाही. मला उत्तर मिळालं ते इशारा होतं, असली नव्हतं. मी ते असली समजून पेन खिशात ठेवलं. चूक माझी."

मालकानं माझ्याकडं एकदा पाहिलं. बोलायला एक क्षण होता. तो मी जाऊ दिला. हे वाक्यही भागू नका.

नऊ दिवस नवं मशीन बंद राहिलं आणि लिंबासाब खिडकीशी स्टूल टाकून, कागदी रजिस्टरात लाल टिंबं देत बसले. दहाव्या दिवशी मालकानं मशिनीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना भांडारात बसवलं, कागदाच्या गठ्ठ्यांत. किल्ली मला मिळाली.

प्रोग्राम मी नव्यानं लिहिला तो भांडारात जाऊन जाऊन. प्रत्येक फाइलीला आतून स्वतःचा एक क्रमांक असतो. नाव कितीही बदललं तरी तो एकच. नक्कल काढताना क्रमांकांची यादी ठेवायची, आणि आधी भेटलेला क्रमांक पुन्हा भेटला तर नक्कल न काढता फक्त दुसरं नाव द्यायचं. इशारा दिसला तर तो दाखवील तिकडं धावायचं नाही, इशाराच जसाच्या तसा उचलायचा. मी छापील कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचला आणि एका ओळीवर थांबले.

"इशाऱ्यालाच दोन नावं असली तर?"

"म्हणजे?"

"बोट करणारा माणूस एकच, त्यालाही लोक दोन नावांनी हाका मारतात. तुझा प्रोग्राम त्याचे दोघे करायलाय."

"सर, इशाऱ्याचं जोडनाव साऱ्या हैदराबादेत कुणी ठेवलं नसेल. दोघे झाले तरी दोघंही एकाच दिशेला बोट करणार. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना आता," ते म्हणाले. "तुलाही कळलं."

चार ओळींसाठी मी तीन दिवस घातले. त्यांनी त्या ओळींपुढं टिंब दिलं, आणि मग खडूस आवाजात विचारलं, "त्या सापाचं काय झालं रे? बरेच दिवस आला नाही." मला एक फूटही साप सुचला नाही.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. गुडघा चालू देईना, नांदेडला मुलाकडं जायचं ठरलं. सामान बसच्या टपावर चढवायला मी गेलो. गौलीगुड्याचा बसस्टँड माझ्या घरापासून हाकेवर. ट्रंका, गाठोडी, पितळी घागर, त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन, सगळं मी आणि हमालानं शिडीवरून वर नेलं. घामानं माझा सदरा अंगाला चिकटला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. लिंबासाब खिडकीशी बसलेले, हातात चिठ्ठी आणि लाल पेन.

"सगळं चढलं सर!" मी खालून ओरडलो.

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"मोजलंस का, शिंदेमियाँ?"

बस घरघरत होती. कंडक्टर दार आपटत होता. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. गाठोडी होती, रक्त नव्हतं.

"नाही सर," मी म्हणालो. "मोजलं नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी जणू त्यांना हवी ती गोष्ट सांगितली होती. "मग मोज की!"

मी पुन्हा शिडी चढलो. ड्रायव्हरनं तेलुगूत माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यातल्या चार मलाही नवीन होत्या. बस हलली. मी टपावर गुडघे टेकून, सामानाच्या प्रत्येक डागावर हात ठेवत गेलो, आणि स्टँडच्या फाटकाशी बस मंदावली तेव्हा शिडीवरून खाली उडी टाकली.

"दहा!"

खिडकीत लाल पेन हललं. "बरोबर!" हात बाहेर आला, आणि बस वळली.

मी परत आलो तर खांबाशी, जिथं सामान रचलं होतं तिथं, स्टूल उभं होतं. घेऊन धावलो, पण बस कधीच पुढं गेली होती. त्यांच्या चिठ्ठीतले दहा हे स्टूल सोडूनच होते. ते आजही माझ्याकडं आहे, मी त्यावर बसूनच हे लिहितोय. खाली त्यांचं एक नाव अजून शाबूत आहे. दुसरं खरवडून तिथं लाल शाईनं ‘शिंदे’ लिहिलेलं आहे. बायको म्हणते, ते अक्षर तुमचंच आहे. तिचं ऐका, हवं तर चारानं भागा.

दहा मात्र दहाच होते. ते मी मोजले आहेत.